कुंडलीतला हर्षल कोण होता?

आपल्याकडचे जुने ज्योतिषी नवग्रहांपाशी थांबत. पुढे मराठी पत्रिकांत आणि पंचांगांत आणखी एक नाव दिसू लागले, ते हर्षलचे. कुणाच्या सप्तमात हर्षल निघे, कुणाच्या दशमात, आणि घरातली वडील माणसे चष्मा वर सारून पत्रिका पुन्हा एकदा न्याहाळीत. काही पंचांगकर्त्यांनी या ग्रहाला प्रजापती असे संस्कृत नाव दिले. तथापि बोलण्यात रुळला तो हर्षलच. इंग्रजी पुस्तके ज्याला युरेनस म्हणतात तोच हा ग्रह. हर्षल हे नाव आपल्या जिभेवर इतके बसले आहे की, ते एका जर्मन वादकाचे आडनाव आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. युरोपातही काही काळ हा ग्रह त्याच्या नावाने ओळखला जाई. तिकडून ते नाव गेले, मराठीत मात्र राहिले. अशा या माणसाचे चरित्र आपण जाणून घ्यावे हे उचितच होय. आणि त्याचे चरित्र सांगताना त्याच्या बहिणीचे सांगितले नाही तर ते अर्धेच राहील.

फ्रीड्रिख विल्हेल्म हर्षल याचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर या गावी झाला. बाप आयझॅक हा तिथल्या पायदळाच्या बँडमध्ये सनईच्या जातीचे ओबो नावाचे वाद्य वाजवी. दहा मुले झाली, त्यांतील सहा वाचली. घरात पैसा बेताचाच, परंतु वाद्ये भरपूर. संध्याकाळी बाप आणि मुलगे जेवणावर बसले की सुरांची आणि तत्त्वज्ञानाची चर्चा चाले, ती आईला मुळीच रुचत नसे. बापाला आकाशाचाही नाद होता. थंडीच्या रात्री लहानग्या मुलीला अंगणात नेऊन तो तिला नक्षत्रे दाखवी, आणि एकदा तर त्याने तिला धूमकेतूही दाखविला. ही मुलगी म्हणजे कॅरोलाइन. ती विल्हेल्मपेक्षा जवळजवळ बारा वर्षांनी लहान. तिचा जन्म १६ मार्च १७५० चा.

विल्हेल्म चौदाव्या वर्षी बापाच्याच बँडमध्ये लागला. त्या काळी हॅनोव्हरचा अधिपती तोच इंग्लंडचा राजा असे, म्हणून १७५६ साली ही पलटण इंग्लंडला नेण्यात आली आणि त्या निमित्ताने त्याला इंग्रजी भाषेची तोंडओळख झाली. पुढल्याच वर्षी फ्रेंचांशी हस्टेनबेक येथे लढाई होऊन हॅनोव्हरच्या फौजेचा पराभव झाला. बँडवाल्या पोरांचे लढाईत काम नव्हते आणि हालांना पारावार नव्हता. बापाने सल्ला दिला की, येथून नीघ. तेव्हा थोरला भाऊ याकोब याच्यासह तो इंग्लंडला पोहोचला. पुढे अशी दंतकथा पसरली की तो पळपुटा शिपाई होता आणि राजाने त्याला स्वहस्ते माफी दिली. वस्तुतः तो रीतसर शपथ घेतलेला शिपाई नव्हताच, आणि सुटकेचा कागद त्याला १७६२ सालीच मिळाला होता.

परक्या देशात त्याचे पहिले दिवस लोकांच्या स्वरलिपीच्या नकला करून देण्यात गेले. मग उत्तर इंग्लंडात एका पलटणीचा बँड शिकव, इथे व्हायोलिन वाजव, तिथे जलसे घडवून आण, अशी काही वर्षे गेली. एका गावाहून दुसऱ्या गावी तो घोड्यावरून जाई आणि वाटेत पुस्तक वाची. अखेरीस १७६६ साली बाथ या शहरी त्याला एका प्रार्थनामंदिरात ऑर्गनवादकाची जागा मिळाली. बाथ हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे आणि श्रीमंतांच्या हवापालटाचे गाव. तिथे त्याचे उत्तम बस्तान बसले. आठवड्याला पुष्कळ शिकवण्या, संध्याकाळी जलसे, आणि स्वतःच्या रचनाही. वाद्यवृंदासाठी त्याने चोवीस सिंफनी रचल्या. वर्षाला चारशे पौंडांच्या आसपास त्याची प्राप्ती होई. संगीतावर जगणाऱ्या माणसाला याहून अधिक काय हवे असते!

इकडे हॅनोव्हरला कॅरोलाइनचे दिवस मोठे कठीण चालले होते. लहानपणी तिला देवी आल्या. दहाव्या वर्षी विषमज्वराच्या जातीच्या तापाने तिची वाढ जी खुंटली ती कायमची, आणि ती सव्वाचार फुटांच्या वर गेली नाही. हिचे लग्न होणे नाही असे घरच्यांनी धरून चालले. बाप १७६७ साली वारला. आईने तिला स्वयंपाक, धुणे, विणकाम यांत जुंपले. फ्रेंच शिकावयाचे नाही, शिक्षिका होण्याजोगे काही शिकावयाचे नाही, असा दंडक होता. विल्हेल्मला हे ठाऊक होते. १७७२ च्या ऑगस्टमध्ये तो स्वतः हॅनोव्हरला गेला. मुलीच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून आईला वर्षासन बांधून दिले, आणि बहिणीला घेऊन बाथला परतला. भाऊबीजेला ओवाळणी घालणारे भाऊ पुष्कळ असतात. हा भाऊ बहिणीला मोकळी करण्यासाठी कनवटीचा पैसा घेऊन आला होता.

तो तिला गाणे शिकवू लागला. दिवसातून दोन-तीन वेळा तालीम होई. इंग्रजी आणि हिशेब शिकणे त्याखेरीज. पाच-सहा वर्षांत ती बाथच्या जलशांत मुख्य गायिका झाली. हँडेलच्या मोठ्या रचनांतली प्रमुख गाणी तिच्याकडे आली. तिचे गाणे ऐकून बर्मिंगहॅमहून तिला बोलावणेही आले. तिने नकार दिला. आपला भाऊ संचालक असेल तरच आपण गाऊ, असा तिचा निश्चय होता. त्या नकाराबरोबर स्वतंत्र गायिका होण्याची वाट बंद झाली. कारण नेमका त्याच सुमारास भावाचा जीव संगीतातून उठून दुसरीकडे गुंतू लागला होता.

संगीतातूनच तो तिकडे गेला हे विशेष. स्वरांचे गणित समजावे म्हणून त्याने रॉबर्ट स्मिथ या इंग्रज पंडिताचे स्वरशास्त्रावरील पुस्तक वाचले. त्याच लेखकाचे प्रकाशशास्त्रावरील पुस्तक मग हाती आले, आणि त्यात दुर्बिणी कशा करतात ते होते. १७७३ साली त्याने फर्ग्युसन याचे ज्योतिषाचे पुस्तक घेतले, एक लहान दुर्बीण भाड्याने आणली आणि आकाश पाहिले. हवी तेवढी मोठी दुर्बीण विकत घेणे आवाक्याबाहेरचे होते. तेव्हा गावातल्या एका हौशी गृहस्थाची आरसे घासण्याची जुनी हत्यारे विकत घेऊन त्याने स्वतःच उद्योग आरंभिला.

हे आरसे काचेचे नसत. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे ते असत. आपल्याकडे झांजा व घंटा ज्या कांशाच्या ओततात त्याच जातीची ही धातू. तीत कथील जास्त, म्हणून ती अधिक पांढरी, पण काचेसारखी ठिसूळ. ओतलेल्या चकतीला आतून किंचित खोलगट आकार द्यावयाचा आणि मग तासन्‌तास घासून झिलई आणावयाची. झिलईच्या शेवटच्या टप्प्यात हात उचलला की आरसा बिघडे. एकदा तर तो सोळा तास आरशावरून हात न काढता उभा होता. कॅरोलाइन घासाघासाने त्याला भरवी आणि कंटाळा येऊ नये म्हणून अरबी भाषेतील सुरस कथा वाचून दाखवी. बैठकीच्या खोलीत सुतार नळी जोडीत आहे, निजण्याच्या खोलीत धाकटा भाऊ अलेक्झांडर चरकावर काम करतो आहे, आणि शिष्यवर्ग दिवाणखान्यात व्हायोलिन घेऊन ताटकळतो आहे, असा त्या घराचा थाट होता. जलशाच्या मध्यंतरात तो अंगरखा न बदलता आरशाकडे धावे आणि झालरीच्या बाह्या डांबराने माखून परत येई. साचे मातीत घोड्याची लीद कुटून मिसळून करीत, आणि ती कुटणे-चाळणेही घरच्याच माणसांकडे असे. १७८१ साली मोठा आरसा ओतताना वितळलेली धातू फरशीवर वाहिली. दगडी फरशा तडतडून उडू लागल्या आणि सगळ्यांना जीव घेऊन पळावे लागले.

आता तो प्रसिद्ध दिवस. १३ मार्च १७८१ च्या रात्री दहा-अकराच्या सुमारास आपल्या बाथमधील घराच्या मागील बागेत, सात फूट लांबीच्या व सुमारे सव्वासहा इंच आरशाच्या दुर्बिणीतून, तो मिथुन राशीच्या सीमेवरील तारे एकामागून एक तपाशीत होता. एक तारा त्याला इतरांहून वेगळा भासला. त्याने अधिक मोठे दाखविणारे भिंग लावले. खरा तारा इतका दूर असतो की भिंग बदलले तरी तो ठिपकाच राहतो. हा मात्र भिंगाबरोबर वाढत गेला. चार दिवसांनी पाहिले तो तो जागचा हललेला. हा धूमकेतू असावा असे समजून त्याने तसे कळविले. पुढे गणितज्ञांनी त्याचा मार्ग काढला तेव्हा दिसून आले की, तो शनीच्या दुप्पट अंतरावरून सूर्याभोवती जवळजवळ वर्तुळात फिरणारा ग्रह आहे. मनुष्यजातीने आठवणीपूर्व काळापासून मानलेली ग्रहमाला शनीपाशी संपत असे. एका रात्रीत ती दुप्पट रुंद झाली.

याला लोकांनी दैवयोग म्हटले. ते हर्षलला मान्य नव्हते, आणि त्याचे बरोबर होते. हाच ग्रह १६९० साली फ्लॅमस्टीड या इंग्रज राजज्योतिषाने पाहून तारा म्हणून नोंदला होता, आणि त्यानंतरही इतरांनी अनेकदा. त्यांना तो दिसला पण ओळखू आला नाही. पाहणे ही गायनवादनासारखीच शिकावी लागणारी विद्या आहे, रियाजाशिवाय डोळा तयार होत नाही, असे हर्षल मानी. ज्याचा कान तयार आहे त्याला शेकडो सुरांत एक सूर किंचित उतरलेला चटकन कळतो. हर्षलच्या डोळ्याचे तसे झाले होते.

त्या वर्षअखेर रॉयल सोसायटीने त्याला कोप्ली पदक दिले आणि सभासद करून घेतले. १७८२ च्या मे महिन्यात, इकडे महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला त्याच महिन्यात, तो राजा तिसरा जॉर्ज याच्यापुढे उभा राहिला. ग्रिनिचच्या वेधशाळेत त्याची दुर्बीण तिथल्या दुर्बिणींशेजारी लावून पाहण्यात आली, तो घरी घासलेला आरसाच सरस ठरला. राजाच्या गौरवार्थ हर्षलने नव्या ग्रहाला जॉर्जचा तारा असे नाव सुचविले. राजाने त्याला वर्षाला दोनशे पौंड नेमणूक करून दिली. अट इतकीच की विंडसरच्या राजवाड्याजवळ राहावे आणि बोलावणे आले की राजपरिवाराला आकाश दाखवावे.

राजाश्रय म्हणजे काय हे संस्थानी शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यांस निराळे सांगावयास नको. मान मिळतो, रात्री मोकळ्या मिळतात, आणि हिशेबाच्या वहीत मात्र तूट येते. बाथच्या निम्म्या प्राप्तीवर हर्षल आला होता. ती तूट भरून काढण्यासाठी तो दुर्बिणी करून विकू लागला. युरोपातल्या राजेरजवाड्यांनी त्या घेतल्या. स्पेनच्या राजाने तर एका दुर्बिणीसाठी तीन हजारांहून अधिक पौंड मोजले. १७८२ च्या उन्हाळ्यात बाथच्या एका प्रार्थनामंदिरात भाऊ आणि बहीण लोकांपुढे अखेरचे गायले-वाजवले. भावाने संगीत सोडले ते आकाशासाठी. बहिणीने सोडले ते भावासाठी. आकाशाची ओढ तिला तेव्हा लागलेली नव्हती, आणि तिने ती गोष्ट पुढे कधी लपविली नाही.

विंडसरजवळच्या डॅचेट गावी थेम्स नदीकाठचे एक पडके, गळके घर त्यांना मिळाले. तिथे वीस फूट लांबीची आणि सुमारे एकोणीस इंच आरशाची दुर्बीण उभी राहिली. १७८३ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी एक काम हाती घेतले आणि ते वीस वर्षे चालविले. दुर्बीण दक्षिणोत्तर रेषेत खिळवून ठेवावयाची. पृथ्वी फिरते तसतसे आकाश तिच्यापुढून सरकत जाते. हर्षल उंच शिडीच्या मचाणावर उभा राहून जे दिसेल ते ओरडून सांगे. खाली खिडकीशी कॅरोलाइन घड्याळ, दिवा आणि ताऱ्यांची यादी घेऊन बसे आणि वेळ व स्थान टिपून घेई. अंधाराला सरावलेला भावाचा डोळा दिव्याकडे वळू नये म्हणून ही वाटणी. थंडी इतकी की दौतीतली शाई गोठे. नदीकाठच्या हिवतापावर उपाय म्हणून हर्षल हातातोंडाला कच्चा कांदा चोळी, असे सांगतात.

१७८३ च्या शेवटच्या रात्री बर्फ पडलेले होते. मध्येच आकाश निवळले. भावाने काही बदल करावयास हाक दिली, ती धावली आणि बर्फात पाय घसरून दुर्बिणीच्या यंत्राच्या लोखंडी आकड्यावर पडली. आकडा गुडघ्याच्या वर मांडीत रुतला. उचलून सोडविले तेव्हा मांस तिथेच राहिले. बरे व्हावयास कित्येक आठवडे लागले. या प्रसंगाविषयी तिला समाधान एवढेच वाटले की, नंतर आकाश ढगाळ राहिल्यामुळे भावाचे फारसे नुकसान झाले नाही.

या श्रमांचे फळ काय मिळाले? फ्रान्समध्ये मेस्ये याने आकाशातील अंधुक ढगांसारख्या पदार्थांची यादी केली होती, तीत शंभरांहून थोडे अधिक होते. हर्षल भावंडांनी तिन्ही याद्या मिळून अडीच हजार तेजोमेघ व तारकागुच्छ नोंदले. आकाशगंगेचा आकार काढण्याचा पहिला खरा प्रयत्न त्याने केला. आमराईच्या मध्यभागी उभे राहून प्रत्येक दिशेला किती झाडे दिसतात ती मोजली, तर राई कोणत्या बाजूला लांब आणि कोणत्या बाजूला अरुंद याचा अंदाज येतो. तसे त्याने आकाशात सहाशेंहून अधिक ठिकाणी तारे मोजले, आणि १७८५ साली सांगितले की आपली तारकानगरी चपटी असून आपण तिच्या आतच आहोत. आसपासच्या ताऱ्यांच्या सरकण्यावरून त्याने ठरविले की सूर्यदेखील स्थिर नाही, आपला सारा परिवार घेऊन तो हर्क्युलिस तारकासमूहाकडे चालला आहे. शेजारी शेजारी दिसणाऱ्या ताऱ्यांच्या शेकडो जोड्या त्याने नोंदून ठेवल्या होत्या. वीस वर्षांनी पुन्हा पाहता काही जोड्या एकमेकींभोवती फिरलेल्या आढळल्या. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण सूर्यमालेबाहेरही चालते याचा हा पहिला पुरावा. दूरच्या तेजोमेघाचा प्रकाश आपल्यापर्यंत यावयास लक्षावधी वर्षे लागत असली पाहिजेत, म्हणजे दुर्बिणीतून आपण भूतकाळ पाहतो, हेही त्याने १८०२ साली लिहून ठेविले.

राजाने दोन हप्त्यांत चार हजार पौंड दिले, त्यातून स्लाव येथील घराच्या आवारात चाळीस फुटी दुर्बीण उभारली गेली. आरसा चार फूट व्यासाचा, वजन टनाच्या घरात. नळी आडवी पडलेली असताना लोक तीतून चालत जात. राजाने आर्चबिशपाचा हात धरून त्याला आत नेले आणि आपण धर्मगुरूला स्वर्गाची वाट दाखवितो आहोत अशी थट्टा केली. १७८९ साली शनीचे एन्सेलाडस आणि मिमास हे दोन उपग्रह हीतून निश्चित झाले. परंतु खरे सांगावयाचे तर ही दुर्बीण पाहुण्यांनाच अधिक आवडली. तिचा आरसा लवकर काळवंडे, वाके, आणि एवढे धूड हलविता हलविता निम्मी रात्र संपे. खरे काम वीस फुटी दुर्बिणीनेच होत राहिले.

हर्षलच्या चुकाही मोठ्या होत्या. सूर्याच्या तेजस्वी आवरणाखाली थंड जमीन आहे आणि तिथे वस्ती असावी असे त्याला वाटे. युरेनसचे दोन खरे उपग्रह त्याने १७८७ साली शोधले, आणि पुढे आणखी चार जाहीर केले, ते मुळी नव्हतेच. परंतु स्वतःचे मत मोडावयास तो डरत नसे. सगळे तेजोमेघ म्हणजे दूरचे तारेच असे तो आधी सांगे. १७९० साली एक तारा तेजोमय धुक्यात बसलेला दिसताच त्याने मान्य केले की खरे धुकेही आकाशात आहे. आपली दुर्बीण आकाशगंगेच्या काठापर्यंत पोहोचत नाही हे कळल्यावर, ज्या आकृतीने त्याची कीर्ती झाली होती तिचाही आधार त्याने आपल्याच हाताने काढून घेतला.

त्याचा सर्वांत खोल शोध रात्रीचा नव्हता, दिवसाचा होता. सूर्य पाहण्यासाठी तो रंगीत काचा वापरी. काही काचांतून उजेड कमी आणि डोळ्याला चटका जास्त, असे का व्हावे? १८०० साली त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पाडले आणि एकेका रंगात उष्णतामापक ठेवला. जांभळ्यात पारा थोडा चढला, हिरव्यात जास्त, तांबड्यात सर्वांत जास्त. मग त्याने तो तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते अशा जागी ठेवला. पारा आणखी वर गेला. न दिसणारा प्रकाश असतो हे अशा रीतीने जगाला प्रथम कळले. त्याला आज आपण अवरक्त किरण म्हणतो.

आता पुन्हा कॅरोलाइनकडे वळू. भाऊ परगावी असेल त्या रात्री ती स्वतःच्या लहान दुर्बिणीने आकाश झाडून काढी. १ ऑगस्ट १७८६ रोजी तिला एक धूमकेतू सापडला, आणि १७९७ पर्यंत असे आठ. १७८७ साली राजाने तिला वर्षाला पन्नास पौंड वेतन बांधून दिले. शास्त्रीय कामासाठी असे वेतन मिळालेली ती इंग्लंडातली पहिली स्त्री मानली जाते. वयाच्या सदतिसाव्या वर्षी पहिल्यांदा, जो पैसा खरोखर आपला, असा पैसा तिच्या हाती आला. पुढल्याच वर्षी, मे १७८८ मध्ये, हर्षलने शेजारच्या एका सधन विधवेशी, मेरी पिट हिच्याशी, लग्न केले. सोळा वर्षे जे घर कॅरोलाइनने चालविले, त्याच्या किल्ल्या तिने खाली ठेवल्या आणि ती भाड्याच्या खोलीत राहावयास गेली. रोज रात्री कामाला येई, पहाटे परत जाई. त्यानंतरच्या दहा वर्षांची रोजनिशी तिने पुढे नष्ट केली. तीत काय होते हे जाणण्याचा मार्ग तिने ठेवला नाही. काळ गेला तशी दोघी नणंद-भावजयांत माया जडली, आणि १७९२ साली जन्मलेला भाचा जॉन तर तिचा जीव की प्राण झाला.

हर्षलला १८१६ साली सर ही पदवी मिळाली. १८२० साली स्थापन झालेल्या लंडनच्या ज्योतिषमंडळाचा तो पहिला अध्यक्ष झाला. २५ ऑगस्ट १८२२ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, तो स्लाव येथे निवर्तला. त्याने शोधलेल्या ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालावयास चौऱ्याऐंशी वर्षेच लागतात.

भाऊ गेल्यावर कॅरोलाइन पन्नास वर्षांनी हॅनोव्हरला परतली, आणि तिथे तिचे मन मुळीच रमले नाही. पण हात रिकामे राहिले नाहीत. अडीच हजार तेजोमेघांच्या नोंदी ज्या क्रमाने सापडल्या त्या क्रमाने पडून होत्या. पुन्हा कुणाला आकाश तपासावयाचे तर त्या आकाशातील स्थानांप्रमाणे लावणे अवश्य होते. पंचाहत्तरीच्या बाईने एकटीने बसून सगळे गणित नव्याने केले आणि वही भाच्याला पाठवून दिली. त्याबद्दल १८२८ साली लंडनच्या ज्योतिषमंडळाने तिला सुवर्णपदक दिले. ९ जानेवारी १८४८ रोजी, सत्त्याण्णव वर्षांची होऊन ती वारली.

त्या दोघांच्या कामाची पुढची पावले अंतराळयानांनी टाकली. २४ जानेवारी १९८६ रोजी व्हॉएजर-२ हे यान युरेनसजवळून गेले आणि त्याने दहा नवे उपग्रह दाखविले. त्या ग्रहाला आजवर भेटलेले ते एकच यान होय. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने २००५ साली पाहिले की, चाळीस फुटी दुर्बिणीतला तो एन्सेलाडस आपल्या दक्षिण ध्रुवाकडून वाफेचे व बर्फकणांचे फवारे सोडतो आहे. त्याच्या बर्फाखाली खारट पाण्याचा समुद्र आहे. आणि १४ मे २००९ रोजी युरोपने साडेतीन मीटर आरशाची एक दुर्बीण पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर धाडली. टेबलावरच्या उष्णतामापकाने प्रथम टिपलेल्या त्या अदृश्य किरणांत तिने, तारे जिथे जन्मतात ते थंड धुळीचे ढग पाहिले. तिला थंड ठेवणारा द्रव हेलियम २०१३ च्या एप्रिलमध्ये संपेपर्यंत ती काम करीत होती. तिचे नाव हर्षल.

कॅरोलाइनच्या नावाची एवढी मोठी दुर्बीण आकाशात गेली नाही. परंतु तिने लावून दिलेल्या वहीवरून जॉनने दक्षिण आकाशही धुंडाळून १८६४ साली मोठी सूची केली, आणि त्या सूचीवरून ड्रायर याने १८८८ साली नवी सूची छापली. तीत सात हजार आठशे चाळीस नोंदी आहेत. आज जमिनीवरची दुर्बीण असो की अंतराळातली, एखाद्या दूरच्या तारकानगरीकडे ती वळवावयाची असेल तेव्हा ज्योतिषी बहुधा त्या सूचीतलाच क्रमांक देतात. त्यांतील सुमारे अडीच हजार क्रमांकांची पहिली नोंद खिडकीशी बसून, गोठलेली शाई दिव्यावर धरून, कॅरोलाइनने आपल्या हाताने केलेली आहे.